फुकुशिमाची साफसफाई इतकी वर्षं का चाललीये, आणि काँक्रीट ओतून का भागत नाही

प्रश्न असा होता की जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रात २०११ मध्ये अपघात झाला, जपानकडे पैसा आहे, रोबोट आहेत, शिस्त आहे, तरी २०२५ पर्यंत रिॲक्टरच्या आतून बाहेर काढलेलं वितळलेलं इंधन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, हे कसं काय? आणि सरळ वरून काँक्रीट ओतून विषय संपवत का नाहीत? प्रश्न रास्त आहे. उत्तर लांब होणार आहे, कारण थोडक्यात दिलं की ते एकतर जपानची नालायकी वाटते नाहीतर अणुऊर्जेवाल्यांची सारवासारव, आणि दोन्ही खरं नाही.

माझी नोकरी रेडिएशन प्रोटेक्शनमधली. शटडाऊनच्या कामात, म्हणजे दुरुस्तीसाठी रिॲक्टर बंद ठेवतात तेव्हा, कोण कुठे किती वेळ थांबणार, काय घालून जाणार, कधी बाहेर यायचं हे ठरवायचं आणि त्यावर सही करायची, हे काम. फुकुशिमात मी काम केलेलं नाही, पण तिथले अहवाल पहिल्या आठवड्यापासून वाचत आलोय, कारण आमच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला तिथे काय चाललंय ते समजून घेणं भागच आहे.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. किरणोत्सारी पदार्थ जाळून जात नाही, धुऊन नाहीसा होत नाही, कुठलंही केमिकल टाकून निष्प्रभ होत नाही. तो फक्त त्याच्या वेळेने कमी होतो. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवस, म्हणून काही महिन्यांत ते संपलं. सिझियम-१३७ ची निम्मी मात्रा व्हायला ३० वर्षं लागतात, स्ट्रॉन्शियम-९० ला २९ च्या आसपास, आणि प्लुटोनियमचा तर हिशोबच हजारो वर्षांचा. म्हणजे साफसफाईत तुम्ही करता काय, तर जिथे तो पदार्थ नको तिथून उचलून जिथे त्याच्यावर लक्ष ठेवता येईल तिथे नेता, एवढंच. भिंत पुसली की फडका दूषित, फडका धुतला की पाणी दूषित, पाणी गाळलं की फिल्टर दूषित, आणि तो फिल्टर शेवटी कुठेतरी ठेवावाच लागतो. फुकुशिमातली जवळजवळ प्रत्येक अडचण शेवटी इथेच येऊन थांबते, की उचललेलं ठेवायचं कुठे.

दुसरी गोष्ट डोस, म्हणजे माणसाच्या शरीराला बसणारं रेडिएशन, ते सिव्हर्टमध्ये मोजतात आणि मिलीसिव्हर्ट हा त्याचा हजारावा भाग. समजा एका जागी तासाला १० मिलीसिव्हर्ट रेडिएशन आहे. आपल्याकडे कामगाराची मर्यादा एका वर्षात ३० मिलीसिव्हर्ट आणि पाच वर्षांत मिळून १००, म्हणजे सरासरी वर्षाला २०. जपानमध्ये एका वर्षात ५० पर्यंत चालतं पण पाच वर्षांचे १०० तेच. आता २० धरलं तर त्या जागी एक माणूस पूर्ण वर्षात दोन तास काम करू शकतो, आणि त्या दोन तासांत आत चालत जायचं, हत्यार लावायचं, काही अडकलं तर सोडवायचं आणि परत यायचं सगळं आलं. एक व्हॉल्व्ह बदलायला आठ माणसं लागतात ती व्हॉल्व्ह जड आहे म्हणून नाही, डोस वाटून घ्यायचा म्हणून. त्यात फुल फेस मास्क, दोन-तीन थर ग्लोव्हज, घामाने काच धूसर झालेली. म्हणून आधी बाहेर हुबेहूब मॉक-अप बांधून तेच काम पुन्हा पुन्हा करून घेतात, हात आपोआप चालायला लागेपर्यंत. जपानने नाराहा गावात मोठं मॉक-अप केंद्र उभं केलंय ते यासाठीच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काही चाललेलं नाही, प्रत्यक्षात वर्षाच्या कामाचे अकरा महिने तयारीचे असतात.

आता आत काय आहे ते बघू. ११ मार्च २०११ ला भूकंपानंतर सहापैकी १, २ आणि ३ नंबरचे रिॲक्टर चालू होते ते लगेच बंद झाले, अणू फुटत राहण्याची (फिशनची) साखळी थांबली, पण इंधनातली उरलेली उष्णता बंद होत नाही. सुनामीने डिझेल जनरेटर आणि वीज वाटणारे स्विचगिअर बुडवले, कूलिंग गेलं, आणि पुढच्या काही दिवसांत तिन्ही युनिटमधलं इंधन वितळलं. १, ३ आणि ४ नंबरच्या इमारतींत हायड्रोजनचे स्फोट झाले. वितळलेल्या युरेनियमने स्वतःच्या झिर्कोनियमच्या नळ्या, स्टील, कंट्रोल रॉड असं वाटेतलं सगळं सोबत घेतलं, प्रेशर व्हेसलचं, म्हणजे इंधन ज्यात असतं त्या जाड स्टीलच्या भांड्याचं, बूड फोडून खाली काँक्रीटवर सांडलं आणि तिथे घट्ट झालं, म्हणजे कढईत करपून तळाला चिकटलेल्या चिक्कीसारखं, कुठे दगडासारखं, कुठे खड्यांसारखं, कुठे पाइपांना लोंबणारं. याला डेब्री म्हणतात. तिन्ही युनिट मिळून साधारण ८८० टन असेल असा अंदाज. अंदाज, कारण अजून कुणी पूर्ण पाहिलेलं नाही.

रोबोट पाठवा म्हणणं सोपं आहे. २०१५ मध्ये १ नंबरमध्ये पाठवलेला पहिला रोबोट जाळीच्या फटीत अडकला. २०१७ च्या फेब्रुवारीत २ नंबरमध्ये वाट साफ करायला गेलेल्या रोबोटचा कॅमेरा सुमारे दोन तासांत काळवंडायला लागला म्हणून त्याला मागे घेतलं, त्यानंतर गेलेला स्कॉर्पियन नावाचा रोबोट रेल्वर साचलेल्या थरात रुतला आणि तिथेच सोडून द्यावा लागला. त्याने मोजलेलं रेडिएशन तासाला २१० सिव्हर्ट होतं. मिलीसिव्हर्ट नव्हे, सिव्हर्ट. माणूस तिथे दीड मिनिटाच्या आत प्राणघातक डोस घेईल. कॅमेऱ्याचा सेन्सर, चिप, केबलचं इन्सुलेशन, सगळ्याला हे मारतं. वायरलेस जाड काँक्रीटमधून चालत नाही म्हणून केबल लावावी लागते, आणि केबल आली की ती कशाततरी अडकते. आत शिरायला भोक किती मोठं, तर पूर्वी मेंटेनन्ससाठी ठेवलेली पाइपसारखी वाट, त्यामुळे रोबोट लहान हवा, आणि लहान केला की त्याला जाड शिल्डिंग, म्हणजे रेडिएशन अडवणारं आवरण, घालता येत नाही. तरी लोकांनी चिकाटी सोडली नाही. २०१७ च्या जुलैत ३ नंबरमध्ये पाण्यात पोहणाऱ्या छोट्या रोबोटने डेब्रीसारखं दिसणारं पहिल्यांदा दाखवलं, २०१९ मध्ये २ नंबरमध्ये चिमट्याने खडे उचलून पाहिले, काही हलले, काही जागचे हललेच नाहीत. २०२३ मध्ये १ नंबरमधली जी चित्रं आली ती मला सगळ्यात काळजीची वाटली, कारण प्रेशर व्हेसल ज्या गोल काँक्रीटच्या पायावर उभी आहे त्याच्या आतल्या बाजूचं खालचं काँक्रीट जाऊन नुसत्या सळया उघड्या पडल्यात. भूकंपाच्या देशात.

तो एक ग्रॅमचा विषय. नोव्हेंबर २०२४ मध्ये २ नंबरमधून टेलिस्कोपसारख्या लांब होणाऱ्या, साधारण २२ मीटरच्या काठीने ०.७ ग्रॅमचा तुकडा काढला, एप्रिल २०२५ मध्ये आणखी ०.२ ग्रॅमच्या आसपास. आधी ऑगस्टमध्ये काम सुरू करतानाच थांबवावं लागलं कारण ढकलायचे पाइप चुकीच्या क्रमाने जोडले गेले होते, मग कॅमेरे बंद पडले. यावर लोक हसले, मला हसू आलं नाही, कारण पूर्ण सूट घालून, घड्याळाकडे बघत, जड पाइप ओढणाऱ्या माणसाकडून क्रम चुकतो, आणि तो तपासायला तिथे दुसरा माणूस उभा करायचा तर त्याचाही डोस मोजावा लागतो. तो तुकडा इबाराकी प्रांतातल्या ओआराईच्या लॅबमध्ये गेला. तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असला तरी त्यातून कळतं की मिश्रण काय आहे, कडक किती आहे, कापताना धूळ किती उडेल. आणि धूळ हा फार मोठा प्रश्न आहे. डेब्री कापली की अल्फा किरणं सोडणारे कण हवेत येणार, ते बाहेरून कातडीला फारसं काही करत नाहीत पण श्वासातून फुप्फुसात गेले की वर्षानुवर्षं आत बसतात. म्हणून कापण्याआधी त्या पूर्ण इमारतीची हवा आतल्या बाजूला ओढली जाईल अशी व्यवस्था लागते, डबे लागतात, आणि ते डबेसुद्धा साधे चालत नाहीत कारण ओल्या डेब्रीत रेडिएशनने पाण्याचे तुकडे होऊन हायड्रोजन तयार होतो, त्याला वाट ठेवावी लागते. शिवाय तुकडे आणि पाणी एका विशिष्ट प्रकारे एकत्र आले तर साखळी पुन्हा सुरू होण्याची शक्यता, फार कमी असली तरी, प्रत्येक पायरीला तपासावी लागते.

इथे लोक थ्री माइल आयलंड या अमेरिकेतल्या अणुकेंद्राचं उदाहरण देतात, की अमेरिकेने तर केलं की. हो, केलं. २८ मार्च १९७९ चा अपघात, आत माणूस पहिल्यांदा शिरला जुलै १९८० मध्ये, कॅमेरा कोअरमध्ये, म्हणजे इंधन असतं त्या गाभ्यात, सोडला १९८२ मध्ये, इंधन काढायला सुरुवात १९८५ ला आणि संपलं १९९० ला. खर्च सुमारे एक अब्ज डॉलर. पण तिथे प्रेशर व्हेसल फुटली नव्हती. जवळजवळ सगळं वितळलेलं इंधन भांड्यातच राहिलं, त्यामुळे भांडं पाण्याने भरून ठेवता आलं, पाणी हे उत्तम शिल्डिंग, आणि कामगार वर प्लॅटफॉर्मवर उभे राहून लांबलचक दांड्यांच्या हत्यारांनी खालचे तुकडे काढत होते. तरी तिथे अडचण आली ती अशी की पाण्यात सूक्ष्मजीव वाढले आणि पाणी इतकं गढूळ झालं की काही दिसेना, हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून ते मारावे लागले. फुकुशिमात तीन भांडी फुटलीत आणि त्यांच्या बाहेरचं कंटेनमेंट नावाचं दुसरं कवचही गळतंय, पाण्याने भरताच येत नाही. कोरड्यात काढायचं म्हणजे शिल्डिंगही नाही आणि धूळही जास्त.

मग काँक्रीट. चेर्नोबिलमध्ये हेच केलं. २६ एप्रिल १९८६ चा स्फोट आणि नोव्हेंबरपर्यंत वरून सारकोफॅगस, म्हणजे काँक्रीट-स्टीलचं कवच, तयार. सुमारे सहा लाख माणसं त्या सगळ्या कामात लिक्विडेटर (अपघातानंतरची सफाई करणारे) म्हणून नोंदली गेली, छतावरचे ग्रॅफाइटचे तुकडे फेकायला रिमोटची यंत्रं टिकेनात तेव्हा सैनिकांना काही मिनिटांसाठी फावडी देऊन पाठवलं. त्या माणसांबद्दल मला आदर आहे आणि ज्यांनी त्यांना पुरेशी माहिती न देता पाठवलं त्यांच्याबद्दल राग आहे, दोन्ही आजही तितकंच आहे. पण ते काँक्रीट-स्टीलचं कवच ३० वर्षांत भेगाळलं, पाणी आत जायला लागलं, आणि २०१६ मध्ये त्याच्यावर ३६,००० टनांची, १०८ मीटर उंच कमान रेल्वर सरकवून आणावी लागली. आतलं इंधन अजून आतच. ती कमान शंभर वर्षांसाठी बांधली होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये युद्धात ड्रोन आदळून तिला भोक पडलं. झाकलं म्हणजे संपलं असं कुठेच होत नाही, तुम्ही फक्त पुढच्या पिढीला आणखी जाड आवरण फोडायचं काम देता. आणि फुकुशिमात तर खालून भूजल वाहतंय, वरून कितीही ओता, खालून पाणी डेब्रीला लागणारच. २०१६ मध्ये केंद्र कायमचं बंद करून मोडीत काढण्याचं (डीकमिशनिंगचं) काम बघणाऱ्या जपानच्या संस्थेच्या आराखड्यात सारकोफॅगसचा नुसता उल्लेख आला तर फुकुशिमाच्या गव्हर्नरांनी जाहीर विरोध केला आणि तो काढावा लागला. लोकांना सांगितलं होतं काढून नेऊ म्हणून, ते सोडून जाणं त्यांना मान्य नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

पाण्याचा प्रश्न मात्र मला वाटतं लोकांपर्यंत नीट पोचलाच नाही. प्लांट बांधताना मूळचा सुमारे ३५ मीटर उंचीचा कडा तासून समुद्रपातळीपासून १० मीटरवर जागा सपाट केली, पाया खडकावर यावा आणि समुद्राचं पाणी खेचायला सोपं जावं म्हणून. त्यामुळे मागच्या डोंगराचं भूजल थेट इमारतींच्या तळघरांकडे येतं. डेब्री थंड ठेवायला पाणी टाकावं लागतं ते फुटक्या भांड्यातून तळघरात उतरतं, तिथे भूजल मिसळतं. तुम्ही म्हणाल सगळ्या भेगा बुजवा. पण तळघरातली पातळी मुद्दाम बाहेरच्या भूजलापेक्षा खाली ठेवलेली आहे, म्हणजे गळती झालीच तर ती बाहेरून आत होईल, आतून बाहेर नाही. आत येणारं पाणी हीच खरी सुरक्षा आहे, आणि तेच रोजचं ओझं. सुरुवातीच्या वर्षांत रोज ४००-५०० टनांच्या घरात दूषित पाणी तयार व्हायचं. मग वरच्या बाजूला विहिरी खोदून पाणी आधीच उपसायला लागले, जमिनीवर डांबर-काँक्रीट केलं, आणि इमारतींभोवती दीड किलोमीटर लांब, ३० मीटर खोल गोठवलेल्या मातीची भिंत केली, उणे ३० अंशांचं मिठाचं द्रावण पाइपांतून फिरवून, मार्च २०१६ पासून. हे सगळं मिळून २०२३-२४ मध्ये आकडा साधारण ८० टनांवर आला. हे मोठं यश आहे.

आलेल्या पाण्यातून आधी सिझियम-स्ट्रॉन्शियम काढतात, मग आल्प्स नावाच्या यंत्रणेतून ६२ प्रकारचे किरणोत्सारी पदार्थ मर्यादेखाली आणतात. ट्रिटियम राहतं, कारण ट्रिटियम हा हायड्रोजनच आहे, तो पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन बसतो, गाळणार कशातून कशाला. १,००० च्या वर टाक्या आणि तेरा लाख टनांच्या आसपास पाणी साचलं. सुरुवातीला घाईत बोल्ट लावून जोडलेल्या टाक्या वापरल्या, २०१३ मध्ये त्यातल्या एकीतून ३०० टन पाणी गळलं, मग वेल्डिंगच्या आणल्या. २४ ऑगस्ट २०२३ पासून हे पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून, ट्रिटियम लिटरला १,५०० बेकरेलच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) खाली आणून, किलोमीटरभर लांब बोगद्यातून समुद्रात सोडतात, वर्षाला ट्रिटियम २२ टेराबेकरेलच्या आत. तांत्रिकदृष्ट्या मला यात धोका दिसत नाही, चालू असलेली अणुकेंद्रं जगभर ट्रिटियम सोडतातच, आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तपासून हिरवा कंदील दिला होता. पण एक गोष्ट इंजिनिअर लोक सोयीस्करपणे गाळतात. २०१५ मध्ये तिथल्या मच्छीमारांना लेखी दिलं होतं की संबंधितांची समजूत पटल्याशिवाय हे पाणी सोडणार नाही. त्यांची समजूत पटली नव्हती, तरी सोडलं. त्यांनी वर्षानुवर्षं मासळीचे नमुने तपासून बाजार परत उभा केला होता आणि सोडल्यावर चीनने जपानी मासळीच बंद केली. बेकरेल कमी आहेत हे सांगून त्या माणसाचा राग चुकीचा ठरत नाही. आणि आणखी एक, ज्याची बातमी होत नाही. आल्प्समधून निघणारी स्लरी, म्हणजे दूषित गाळ, ती प्लास्टिकच्या मोठ्या डब्यांत भरलेली आहे, आतल्या बीटा रेडिएशनने डबेच कमकुवत होतात, ती वेळोवेळी दुसऱ्या डब्यात भरावी लागते. पाणी समुद्रात गेलं, पण त्यातला खरा माल इथेच डब्यांत आहे.

प्लांटच्या बाहेरचं काम वेगळंच. दीड लाखाहून जास्त माणसं घरं सोडून गेली, हॉस्पिटल आणि वृद्धाश्रमातल्या माणसांना घाईत हलवण्यात आणि नंतरच्या हालांत इतके गेले की फुकुशिमा प्रांतात आपत्तीशी संबंधित मृत्यू म्हणून नोंदलेल्यांची संख्या २,३०० च्या वर आहे. जमिनीवर सिझियम पडलं ते चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, वरच्या काही सेंटिमीटरमध्येच राहतं. हे एका अर्थी बरं, कारण वरची ५ सेंटिमीटर माती खरवडली की बहुतेक गेलं. पण शेतकऱ्याला विचारा ती वरची ५ सेंटिमीटर म्हणजे काय असतं. पिढ्यांनी खत घालून केलेली माती पोत्यात भरून नेली आणि वर डोंगरातली मुरमाड माती टाकून दिली. छपरं धुतली तर गटारात हॉटस्पॉट, म्हणजे जास्त रेडिएशनच्या जागा, तयार झाले. आणि प्रांताचा ७० टक्के भाग जंगल आहे, ते कुणी खरवडू शकत नाही, घरांलगतची साधारण २० मीटरची पट्टी साफ केली आणि थांबले, म्हणून तिथली जंगली मशरूम अजूनही बऱ्याच ठिकाणी विकायला बंदी आहे.

एक बारकावा सांगतो. पहिल्या चार-पाच वर्षांत रेडिएशन झपाट्याने उतरलं त्याचं सगळं श्रेय खरवडण्याला देतात. पण सुरुवातीच्या डोसमध्ये मोठा वाटा सिझियम-१३४ चा होता, त्याचं अर्धायुष्य दोन वर्षं, ते आपणहून गेलं. उरलंय ते १३७, ते हळूच जाणार. त्यामुळे आता आलेख सपाट झाला की लोकांना वाटतं काम बंद पडलं, तसं नसतं.

खरवडलेली माती साधारण १.४ कोटी घनमीटर. ओकुमा आणि फुताबा या दोन गावांतली १,६०० हेक्टर जमीन त्यासाठी घेतली, लोकांनी आपल्या वाडवडिलांच्या जागा दिल्या त्या या अटीवर की २०४५ पर्यंत ती फुकुशिमाबाहेर नेली जाईल, तसा कायदाच आहे. किलोला ८,००० बेकरेलच्या खालची माती रस्त्यांच्या भरावात वापरायची योजना आहे, लोकांना विश्वास वाटावा म्हणून २०२५ मध्ये थोडी पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या आवारात वापरली. बाकी कुठलाही प्रांत हात पुढे करत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचं वाटू नये म्हणून एवढंच, तारापूरचे पहिले दोन रिॲक्टर १९६९ पासूनचे, जनरल इलेक्ट्रिकचे बॉयलिंग वॉटर रिॲक्टर, फुकुशिमाचा १ नंबर त्याच कंपनीचा, १९७१ चा. आराखड्यात फरक आहेत, लगेच बरोबरी करू नका. पण कुठल्याही केंद्राबद्दल विचारायचे प्रश्न मला फुकुशिमाने बदलून दिले. पूर्वी मी विचारायचो अपघात कसा टळेल. आता हेही विचारतो की भूजल कुठून कुठे वाहतं याचा नकाशा तयार आहे का, लाखो टन दूषित पाणी ठेवायला जागा कुठली, आणि आजूबाजूच्या वाड्यांमधल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांना कोण, कशातून नेणार.

शेवटी २०५१. सरकारचं वेळापत्रक अपघातापासून ३० ते ४० वर्षांचं आहे, म्हणजे उशिरात उशिरा २०५१. २०२५ च्या जुलैत सांगितलं की ३ नंबरमधून मोठ्या प्रमाणावर डेब्री काढायची नुसती तयारीच १२ ते १५ वर्षं चालेल, म्हणजे काढायला सुरुवात २०३७ किंवा नंतर. २०३७ ते २०५१ चौदा वर्षं, ८८० टन, म्हणजे वर्षाला ६३ टन, एक दिवस सुट्टी न घेता रोज १७० किलो. थ्री माइल आयलंडला एकच, न फुटलेलं भांडं होतं आणि तिथे शंभर टनांहून जास्त काढायला पाच वर्षं गेली. माझ्या मते २०५१ होणार नाही, आणि ते आत्ताच सांगून टाकावं, कारण तारीख वाचवायला घाई झाली की डोस कामगाराच्या खात्यात जमा होतो, आणि तिथला कामगार बहुतेक वेळा कंत्राटदाराच्याही खालच्या कंत्राटदाराचा असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आल्प्सचे पाइप धुताना कामगारांवर दूषित द्रव उडाला, दोघांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं.

म्हणून पुढच्या बातम्या वाचताना किती ग्रॅम निघाले ते सोडा. १ नंबरच्या इमारतीवर झाकण घालून आतल्या साठवणीच्या टाकीतलं, न वितळलेलं ३९२ बंडल इंधन कधी निघतं, २ नंबरचं ६१५ कधी, ते बघा, ३ आणि ४ नंबरच्या टाक्या तर २०२१ आणि २०१४ लाच रिकाम्या झाल्यात. ३ नंबरच्या शेजारच्या इमारती पाडायला घेतात का ते बघा. आणि त्या वर्षी कामगारांचा सरासरी डोस किती आला ते बघा.